गाडलेला कार्बन: गळती नेमकी कुठून होते?

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रीन रिव्हर नावाचे छोटे गाव आहे. गावाजवळ, त्याच नावाच्या नदीच्या काठावर, पिवळसर-तांबूस खनिजांच्या थरांमधून एक लोखंडी नळी जमिनीबाहेर आलेली दिसते. अधूनमधून तिच्यातले पाणी खदखदू लागते आणि बघता बघता काही मीटर उंच उसळते. हे पाणी गार असते. अमेरिकेतल्याच यलोस्टोनची कारंजी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर उसळतात, इथे ते काम कार्बन डायऑक्साइड करतो. ‘क्रिस्टल गीझर’ या नावाने ओळखले जाणारे हे कारंजे भूशास्त्रज्ञांच्या चर्चेत वारंवार साक्षीला बोलावले जाते. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली खोल गाडावा, असा उपाय आज जगभर पुढे येतो आहे, आणि त्याविषयीची पहिली शंका इथे डोळ्यांदेखत उसळते. गाडलेला वायू वर आला तर?

निसर्गाचे नवल म्हणून प्रसिद्धी असली तरी हे कारंजे निसर्गाने एकट्याने घडवलेले नाही. १९३५-३६ च्या सुमारास तेलाच्या शोधात या जागी सुमारे ८०० मीटर खोल विहीर खोदली गेली. तेल लागले नाही. वायूने भरलेले पाणी मात्र लागले आणि तेव्हापासून ते उसळते आहे. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या आंडरनाख गावाजवळचे कारंजे १९०३ साली साडेतीनशे मीटरच्या आसपास विंधन घेतल्यावर सुरू झाले. ते बंद पडल्यावर २००१ मध्ये नवे विंधन घेऊन पुन्हा जिवंत करण्यात आले. आज ते सुमारे ६० मीटरपर्यंत उडते आणि थंड पाण्याच्या कारंज्यांत जगात सर्वांत उंच गणले जाते. स्लोव्हाकियातले हेर्ल्यानीचे कारंजेही १८७० च्या दशकात पाडलेल्या चारशे मीटर खोल विहिरीतून दर दीडेक दिवसाने उसळते. तिन्ही ठिकाणी वायू निसर्गाचा आहे आणि वाट माणसाने करून दिलेली आहे. जमिनीखालच्या कार्बन साठ्यांची चर्चा माझ्या मते इथूनच सुरू व्हायला हवी. ती सहसा दोन टोकांना सुरू होते. एका टोकाला ‘एक दिवस सगळे बाहेर फुटेल’ ही भीती असते, दुसऱ्या टोकाला ‘लाखो वर्षे काही होत नाही’ हे आश्वासन.

खोलवर, दाबाखाली, पाण्यात हा वायू भरपूर विरघळतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत जे होते तेच इथे शेकडो मीटर लांबीच्या नळीत घडते. वरच्या पाण्यात बुडबुडे सुटतात, त्यामुळे पाण्याचा स्तंभ हलका होतो, खालच्या पाण्यावरचा भार उतरतो, मग तिथेही वायू सुटू लागतो. ही साखळी खोलवर पोहोचली की सगळे पाणी एकदम वर फेकले जाते. नळी रिकामी झाली की खडकातून पाणी पुन्हा झिरपते आणि चक्र नव्याने सुरू होते. त्यासाठी अरुंद, सरळ आणि उघडी वाट लागते. भेगाळलेल्या खडकातून वर येणारा वायू सहसा असा उसळत नाही. कुठे झऱ्यात बुडबुडे दिसतात, कुठे मातीतून डोळ्यांना न दिसणारा पाझर चालू असतो.

ग्रीन रिव्हरच्या परिसरात हा पाझरही आहे, आणि तो विहिरीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. लिटल ग्रँड वॉश आणि सॉल्ट वॉश या दोन प्रस्तरभंगांच्या कडेने ट्रॅव्हर्टाइनचे, म्हणजे अशा झऱ्यांनी साचवलेल्या चुनखडीचे, जुने ढिगारे पसरले आहेत. युरेनियम-थोरियम पद्धतीने त्यांची वये काढली तेव्हा काही ढिगारे चार लाख वर्षांहून जुने निघाले. झरे एका जागी टिकत नाहीत. खनिजे साचून भेग बुजते, वायू प्रस्तरभंगाच्या रेषेवर दुसरीकडे वाट काढतो, पुढे जमीन हलली की जुनी भेग पुन्हा उघडते. इतकी वर्षे गळूनही खालच्या वालुकाश्मातला साठा संपलेला नाही. खालून नवी भर पडत असेल हे गृहीत धरले, तरी प्रस्तरभंगातून होणारी गळती किती सावकाश असू शकते हे यावरून दिसते.

२०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी इथे मुद्दाम विंधन घेऊन खडकाचे अखंड नमुने वर काढले. त्यांना तपासायचा होता तो वायूच्या साठ्यावरचा आच्छादक खडक. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल बनते, आणि हे आम्ल झाकणालाच कुरतडून पार होईल का, ही शंका तेव्हा खूप जणांना होती. नमुन्यांत आम्लाने खडक बदललेला दिसला, पण सुमारे एक लाख वर्षांत हा बदल जेमतेम सात सेंटिमीटर आत शिरला होता. न्यू मेक्सिकोतल्या ब्राव्हो डोममध्ये नैसर्गिक कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड साठा आहे आणि तो तिथे बारा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी आला असावा, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. चांगला आच्छादक खडक हा वायू भूशास्त्रीय काळापर्यंत धरून ठेवतो, हे आता अनुमानापलीकडे गेले आहे.

मग भीती कशाची? या वायूने माणसे मारली आहेत, हे खरे आहे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड अचानक बाहेर पडला. हवेपेक्षा दीडपट जड असलेला हा वायू दऱ्यांतून वाहत वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत गेला. झोपेतली सतराशेहून अधिक माणसे आणि हजारो गुरे त्यात मेली. त्याआधी दोन वर्षे, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, जवळच्याच मोनून सरोवराने ३७ जणांचा बळी घेतला होता. पुढे २००१ मध्ये न्योसच्या तळापर्यंत उभी नळी सोडली गेली. साचलेला वायू या नळीतून सतत कारंज्यासारखा बाहेर काढला जातो. क्रिस्टल गीझरचे तत्त्व इथे माणसाने जीव वाचवायला वापरले.

कार्बन साठवणीच्या विरोधात न्योसचा दाखला हमखास दिला जातो. तो मला पटत नाही. न्योसला वायू सरोवराच्या तळच्या पाण्यात विरघळून शांतपणे साचत गेला होता, आणि वरचे पाणी ढवळले गेल्यावर तो एका रात्रीत मोकळा झाला. किलोमीटरभर खोल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेला वायू असा एकदम सुटू शकत नाही. गळतीचे जवळचे उदाहरण हवे असेल तर कॅलिफोर्नियातला मॅमथ पर्वत पाहावा. १९८९ मध्ये तिथे भूकंपांची मालिका झाली आणि त्यानंतर हॉर्सशू सरोवराकाठची झाडे वाळू लागली. मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला होता की मुळांना श्वास घेता येईना. सुमारे चाळीस हेक्टरवरचे जंगल मेले. २००६ मध्ये त्याच पर्वतावर बर्फाखालच्या वायुमुखात पडून स्की-गस्तीवरचे तिघे दगावले. उघड्या वाळवंटात वारा हा वायू उडवून लावतो, म्हणून क्रिस्टल गीझरच्या शेजारी माणसे उभी राहू शकतात. खळग्यात, तळघरात किंवा बर्फाच्या पोकळीत तोच वायू मारतो.

आपल्याकडे जुन्या, न वापरलेल्या विहिरीत उतरण्याआधी जाणती माणसे पेटता कंदील दोराने खाली सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. अशा विहिरींत दरवर्षी माणसे जातात, आणि बहुतेकदा पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हवेत या वायूचे प्रमाण साधारण ०.०४ टक्के असते. ते पाच टक्क्यांवर गेले की डोके दुखते, धाप लागते. दहा टक्क्यांवर काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याला रंग नाही आणि जवळपास वासही नाही.

साठवणुकीचे प्रत्यक्ष प्रकल्प याच पार्श्वभूमीवर तपासायला हवेत. नॉर्वेच्या समुद्रातला स्लाइप्नर प्रकल्प १९९६ पासून चालू आहे. तिथल्या नैसर्गिक वायूत नऊ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावल्यावर तो हवेत सोडणे महाग झाले, म्हणून तो वेगळा काढून समुद्रतळाखाली आठशे ते हजार मीटरवरच्या वालुकाश्मात भरला जातो. सुरुवातीची बरीच वर्षे हे प्रमाण वर्षाला दहा लाख टनांच्या घरात होते. इतक्या खोलीवरच्या दाबाखाली हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि कमी जागेत मावतो. तरी तो खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच राहतो आणि वर सरकतो. मधले शेलचे पातळ पापुद्रे त्याला बराच काळ अडवतील असे वाटले होते. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणांत दिसले की तीनेक वर्षांतच तो त्या पापुद्र्यांतून वाट काढत सर्वांत वरच्या थराशी पोहोचला. जाड आच्छादक खडकाने तिथे त्याला रोखले. समुद्रात गळती सापडलेली नाही. नॉर्वेच्याच स्नोह्विट प्रकल्पात २००८ मध्ये भरणे सुरू झाले आणि दाब अपेक्षेपेक्षा इतका भराभर वाढला की २०११ मध्ये वायू दुसऱ्या थराकडे वळवावा लागला. अंदाज चुकले, पण सतत मोजमाप चालू असल्याने वेळीच कळले.

अल्जीरियातल्या इन सालाहची गोष्ट अधिक गंभीर. २००४ ते २०११ या काळात तिथे सुमारे ३८ लाख टन वायू भरला गेला. उपग्रहांच्या मोजमापात वाळवंटाची जमीन दरवर्षी काही मिलिमीटर वर उचलली जात असल्याचे दिसले. आच्छादक खडकाचा खालचा भाग तडकत असल्याची चिन्हे मिळाली आणि भरणे थांबवले गेले. त्याआधी, २००७ मध्ये, वायू जमिनीवर आलेला आढळला होता. तो आला होता दशकांपूर्वी खोदलेल्या एका जुन्या विहिरीतून.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातले डिकेटर हे या प्रश्नावरचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मक्यापासून इथेनॉल करताना निघणारा शुद्ध कार्बन डायऑक्साइड तिथे दोन किलोमीटरहून खोल असलेल्या माउंट सायमन वालुकाश्मात भरला जात होता. २०२४ मध्ये उघड झाले की नेमून दिलेल्या थराबाहेर सुमारे आठ हजार टन द्रव गेला आहे. गळती झाली होती निरीक्षण विहिरीतून. साठ्यावर लक्ष ठेवण्यासाठीच खोदलेल्या या विहिरीतली पोलादी नळी गंजली होती. पिण्याच्या पाण्यापर्यंत काही पोहोचल्याचे आढळले नाही, पण पर्यावरण खात्याने नोटीस काढली आणि कंपनीला भरणे काही काळ थांबवावे लागले.

वाहतूक हा तर वेगळाच धोका आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया या चिमुकल्या गावाजवळ, जोरदार पावसानंतर दरड सरकून कार्बन डायऑक्साइडची २४ इंची वाहिनी फुटली. पांढरे धुके गावावर उतरले. इंजिनांना प्राणवायू मिळेना, त्यामुळे पळून जाणाऱ्यांच्या मोटारी रस्त्यात बंद पडल्या. सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले, ४५ जण रुग्णालयात गेले. कुणाचा जीव गेला नाही. नंतरच्या सरकारी चौकशीत असे दिसले की वाहिनी फुटल्यास वायू कुठवर पसरेल याच्या कंपनीच्या गणितात हे गाव नव्हतेच.

या सगळ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र बरेच स्पष्ट होते. कातळाने दगा दिल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि तीही बहुतेक जास्त दाबाने वायू भरल्यामुळे घडलेली. नळी, सिमेंट, गंजलेले पोलाद, विसरलेली जुनी विहीर, नकाशात न घेतलेले गाव, यांची उदाहरणे मात्र मोठ्या प्रकल्पांतून हटकून सापडतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासानेही हेच आकड्यांत मांडले. नियम नीट पाळले आणि जुन्या विहिरी मोजक्या असल्या, तर दहा हजार वर्षांनंतरही ९८ टक्क्यांहून अधिक वायू खाली राहण्याची शक्यता चांगली आहे. देखरेख ढिली असेल आणि बेवारस विहिरींचा सुळसुळाट असेल, तर हा आकडा ७८ टक्क्यांपर्यंत घसरू शकतो. दोन्ही अंदाजांत खडक कमी-अधिक तसाच आहे, फरक मुख्यतः विहिरींचा आणि कारभाराचा आहे.

म्हणूनच भारतात या विषयाची चर्चा सुरू होताना मला खडकाइतकीच कारभाराची काळजी वाटते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशाची साठवण क्षमता ४०० ते ६०० अब्ज टन असल्याचे म्हटले आहे. त्यातला शंभर ते तीनशे अब्ज टनांचा वाटा बेसॉल्टचा, म्हणजे मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, धरला आहे. ही सैद्धांतिक क्षमता आहे. प्रत्यक्षात किती वापरता येईल ते एकेका जागेच्या तपासणीनंतरच कळेल.

बेसॉल्टचे आकर्षण समजण्यासारखे आहे. आइसलंडमधल्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला गेला. खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह त्याच्याशी जोडले गेले आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. निरीक्षण विहिरीतला पंपच कॅल्साइट साचून बंद पडला होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू बेसॉल्टमध्ये भरला गेला आणि दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. दगड झालेला वायू गळत नाही. गळतीच्या प्रश्नावर यापेक्षा समाधानकारक उत्तर अजून कुणाजवळ नाही.

पण दख्खन म्हणजे आइसलंड नव्हे. आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आहे. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्या बऱ्याच ठिकाणी खनिजांनी भरून गेल्या आहेत. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतून जगभरच्या संग्राहकांकडे जाणारी झिओलाइटची स्फटिके त्याच पोकळ्यांतली. भरलेल्या पोकळीत नवा वायू मावत नाही. जाडीही सगळीकडे सारखी नाही. कोयनेच्या परिसरात विंधन घेतल्यावर बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला, किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनात तो अवघा ३३८ मीटर होता. वायू दाट अवस्थेत ठेवायला जी खोली लागते ती किल्लारीसारख्या ठिकाणी मिळणार नाही. कार्बफिक्सच्या पद्धतीला इतकी खोली लागत नाही, पण एक टन वायूमागे पंचवीस टनांच्या घरात पाणी लागते. मराठवाड्याच्या जमिनीखाली गाडायला इतके पाणी आणायचे कुठून, याचे उत्तर प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असायला हवे. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. ते यशस्वी झाले तर कोकणपट्टीचा विचार वेगळा होईल.

शिवाय हाच खडक आपली पाण्याची टाकी आहे. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात विहिरी आणि बोअरवेल बेसॉल्टच्या सांध्यांतून, सच्छिद्र थरांतून भरतात. वायूमिश्रित आम्लधर्मी पाणी वर सरकले तर ते खडकातले जड धातू सोडवून पाण्यात आणू शकते. आणि आपल्याकडच्या बोअरवेलची संख्या! पाणी लागले नाही म्हणून सोडून दिलेली, तोंड न बुजवलेली, कुठल्याही नोंदवहीत नसलेली हजारो भोके. यातली बहुतेक साठवणुकीच्या खोलीपर्यंत जात नाहीत, ही जमेची बाजू. पण खालून सटकलेल्या वायूला शेवटचा टप्पा गाठायला ती मोकळी वाट आहेत. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडले, तिथल्या जुन्या विहिरी तर खोलवरच्या आहेत. अशा तेलक्षेत्रांत साठवण करायची तर आधी एकूण एक विहीर शोधून तपासावी लागेल.

दाबाचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यावर कोयना खोऱ्यात धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरच्या भूकंपाने सुमारे दोनशे माणसे मारली. ताणाखालच्या प्रस्तरभंगाला पाण्याच्या दाबातली थोडी वाढही पुरते, हे कोयनेने जगाला शिकवले. स्टॅनफर्डचे मार्क झोबॅक आणि स्टीव्हन गोरेलिक यांनी २०१२ मध्ये हाच इशारा कार्बन साठवणीला दिला. त्यांचे म्हणणे असे होते की मोठ्या प्रमाणावर वायू भरल्याने भूकंप होतील ते कदाचित लहान असतील, पण आच्छादक खडकाची सलगता बिघडवायला तेवढे पुरेसे आहेत. कोयनेचे तीन किलोमीटरचे विंधन आणि कराडची भूभौतिकी प्रयोगशाळा हे या बाबतीत आपल्या हातातले दुर्मीळ साधन आहे, आणि मुंबई आयआयटीत २०२२ पासून कार्बन पकडणे आणि वापरणे या विषयाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. दख्खनचा निर्णय इथल्या मोजमापावर व्हावा, आइसलंडच्या आकड्यांवर नव्हे.

मग जबाबदारी कुणाची आणि किती वर्षांची? युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यावर साधारण किमान वीस वर्षे कंपनीने सांभाळायचा, त्यानंतरच तो सरकारच्या ताब्यात जाऊ शकतो. अमेरिकेत सर्वसाधारण मुदत पन्नास वर्षांची आहे. साठा हजारो वर्षे टिकायचा असल्याने दोन्ही मुदती अपुऱ्या वाटतात, पण निदान हा हिशेब लिहिलेला तरी आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा हे लिहीपर्यंत झालेला नाही, आणि क्षमतेचे आकडे मात्र आधीच भाषणांत येऊ लागले आहेत.

कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्राजवळच्या एका शेतकरी कुटुंबाने २०११ मध्ये तक्रार केली की त्यांच्या तळ्यात बुडबुडे येतात, जमिनीत वायू वाढला आहे, शेजारी गाडलेला कार्बनच वर येत असावा. वायूतल्या समस्थानिकांचे अभ्यास झाले आणि तो मातीतल्या जैविक क्रियांचा असल्याचे निष्पन्न झाले. त्या जागेवर आधी काय स्थिती होती याचे नीट मोजमाप हाताशी असते, तर त्या कुटुंबाला आणि प्रकल्पाला इतका काळ वाद घालावा लागला नसता. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कित्येक दशके राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आहे. ज्या तालुक्यांत वायू गाडण्याचा विचार असेल, तिथल्या त्याच विहिरींत विरघळलेला कार्बन, त्याची समस्थानिके, आम्लता आणि जड धातू मोजायला आजपासून सुरुवात करता येईल. सोडून दिलेल्या बोअरवेलची गावनिहाय यादीही त्याच कामात होईल. हे सारे पहिला टन खाली जाण्याच्या निदान काही वर्षे आधी झाले पाहिजे, आणि त्याचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागले पाहिजेत.